पोपटपंची आणि पोपट

वाङ्मयाच्या परीक्षणांत जे शब्द निंदेसाठीं राखून ठेवलेले असतात, त्यांत ‘पोपटपंची’ हा शब्द फार जुना आणि फार सोयीचा आहे. विद्यार्थ्यानें टिपणांतील वाक्यें उत्तरपत्रिकेंत जशींच्या तशीं उतरलीं कीं ती पोपटपंची. वक्त्यानें दुसऱ्याचे विचार स्वतःचे म्हणून सांगितले कीं ती पोपटपंची. नव्या कवीनें जुन्या कवीच्या उपमा पुन्हां गिरविल्या कीं तीही पोपटपंचीच. हा शब्द इतका अंगवळणीं पडला आहे कीं तो वापरतांना त्या बिचाऱ्या पक्ष्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. ज्याच्या नांवानें ही शिवी दिली जाते तो पक्षी खरोखरच तसा आहे काय, आणि नसेल तर त्याचें हें चित्र कोणीं काढलें, हा प्रश्न वरवर पाहतां पक्षिशास्त्राचा वाटेल. परंतु माझ्या मतें तो मुळांत वाङ्मयाचा आहे. कारण आपल्यापैकीं बहुतेकांना पोपट प्रथम भेटतो तो गोष्टींत. आणि गोष्टींतल्या पोपटाचें ऐकूनच पुढें आपण झाडावरच्या आणि पिंजऱ्यांतल्या पोपटाशीं वागत असतों.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील वडीगोद्री हें धुळें–सोलापूर महामार्गावरचें गांव. गोदावरीचें पात्र येथून फार लांब नाहीं. या गांवीं पोपट दोन रूपांनीं दिसतो. ज्वारी हुरड्याला आली कीं हिरव्या थव्यांचा कलकलाट शेतावर उतरतो, आणि मग माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराच्या तोंडीं त्यांच्याविषयीं फारसे गोड शब्द नसतात. दुसरें रूप अलीकडचें. एखाद्या घराच्या ओसरीवर तारेच्या पिंजऱ्यांत चिमणीहून थोडासाच मोठा, हिरवा, पिवळा किंवा निळा असा एक पक्षी बसलेला असतो. बाजारांत त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात; त्याचें खरें नांव बजरीगर, आणि त्याचें मूळ घर ऑस्ट्रेलियांतील कोरडीं मैदानें. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानें १८४० सालीं तो जिवंत इंग्लंडांत आणला, आणि पुढें पिंजऱ्यांतच पैदास होत होत तो जगभर पसरला. तोही पोपटाच्याच कुळांतला. घरांतल्या मुलांची त्याच्याविषयीं बहुधा एकच तक्रार असते: ‘हा बोलत कां नाहीं?’ या तक्रारीचें मूळ शोधूं लागलें म्हणजे पुष्कळ शतकें मागें जावें लागतें.

मात्र तेथवर जाण्यास वडीगोद्रीहून फार दूर जावें लागत नाहीं. गोदावरीच्या वरच्या अंगास, पश्चिमेकडे पैठण आहे. सातवाहनांच्या काळचें तें प्रतिष्ठान. हाल राजाच्या नांवावर चालत आलेली गाथासप्तशती ही याच परिसराची कविता. महाराष्ट्री प्राकृतांतील या दोन दोन ओळींच्या गाथांत शेतें आहेत, राखणदार आहेत, गोदेचे कांठ आहेत, आणि पोपटही आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध गाथेंत कोणीएक दुसऱ्याला वर पाहावयास सांगत आहे: आकाशांतून पोपटांची रांग खालीं उतरत आहे, जणूं आकाशलक्ष्मीच्या गळ्यांतील पाचूमाणकांची कंठीच निसटली. गाथा एवढीच. तिच्यांत पोपट बोलत नाहीं, निरोप नेत नाहीं, कोणाला शहाणपण शिकवीत नाहीं. हिरवें अंग आणि लाल चोंच या दोन रंगांचा जडाव, थव्याची सलग ओळ, आणि तिचें खालीं येणें, इतकेंच कवीनें पाहिलें. त्यांतही ‘उतरणें’ हें या गाथेचें मर्म आहे. उडणारा थवा शहरांतल्या माणसालाही दिसतो. परंतु थवा आतां उतरूं लागला हें जो ओळखतो त्याचें चित्त शेताकडे लागलेलें असतें. गोफण घेऊन उभा असलेला राखणदार आणि ही गाथा रचणारा कवि यांची नजर एकच आहे. दोघांनाही पोपटाकडून एक शब्दही ऐकावयाचा नाहीं, आणि म्हणूनच दोघांना पोपट दिसतो.

हा रानांतला राघू नगरांत आला आणि त्याचें नशीब पालटलें. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांची जी यादी आहे, तींत पोपट आणि सारिका यांना बोलावयास शिकविणें ही एक स्वतंत्र कला म्हणून गणली आहे. अमरूच्या शतकांतील एका श्लोकांत घरच्या पोपटानें नवराबायकोचें रात्रींचें बोलणें ऐकलेलें असतें, आणि सकाळीं वडीलधाऱ्यांच्या देखत तो तेंच बोलूं लागतो. लाजेनें चूर झालेली सून कानांतल्या माणकाचा खडा डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोंचींत कोंबते आणि त्याचें तोंड बंद करते. माधवाच्या नांवावर असलेल्या शंकरदिग्विजयांत मंडनमिश्राचें घर कसें ओळखावें याची खूण सांगितली आहे: ज्या दाराशीं पिंजऱ्यांतील शुकांगना वेदप्रामाण्याचा वाद घालीत असतील तें घर त्याचें. या साऱ्यांत मौज आहे, आणि अमरूच्या श्लोकांत तर पक्ष्याची ओळखही आहे. डाळिंबाच्या दाण्याला पोपट भुलतो हें ठाऊक असल्याखेरीज तो श्लोक सुचणारच नाहीं. तथापि एक गोष्ट लक्षांत येते. येथें पोपट म्हणजे माणसाचा आवाज सांठवून ठेवणारें आणि नको त्या वेळीं तो बाहेर टाकणारें एक यंत्र झाला आहे. त्याच्या स्वतःच्या आवाजाची चौकशी कोणी करीत नाहीं.

या परंपरेच्या मध्यभागीं सातव्या शतकांतील बाणभट्टाची कादंबरी उभी आहे, आणि ती दोन्हीकडे पाहते. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारांत एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यांतून वैशंपायन नांवाचा पोपट घेऊन येते. तो उजवा पाय उचलून राजाला वंदन करतो आणि त्याच्या स्तुतीची एक आर्या स्पष्ट उच्चारांत म्हणतो. येथवर हा कलावंतांच्या यादींतला पढविलेला शुक आहे. परंतु राजानें ‘तुझा जन्म कोठला?’ असें विचारतांच कथा विंध्यारण्यांत जाते, आणि बाणाची लेखणी निराळी होते. पंपा सरोवराजवळच्या एका जुन्या सांवरीच्या ढोलींत हा पक्षी जन्मला. आई बाळंतपणांत गेली. बाप इतका म्हातारा कीं त्याला उडवत नाहीं. इतरांच्या घरट्यांतून खालीं पडलेले दाणे वेंचून तो पिलाला भरवितो आणि उरलें सुरलें तें आपण खातो. एके दिवशीं शिकाऱ्यांची टोळी येऊन जाते. मागें राहिलेला एक म्हातारा शबर झाडावर चढतो आणि ढोलींतून एकेक पिलूं ओढून त्याची मान मुरगळून खालीं फेंकूं लागतो. बाप पिलाला पंखाखालीं घेतो. बाप मरतो, त्याच्या पंखांत दडलेलें पिलूं शबराच्या लक्षांत येत नाहीं, आणि वाळक्या पाल्याच्या ढिगावर पडल्यामुळें वांचतें. मग तहानेनें व्याकुळ होऊन तें कोंवळ्या पायांनीं धडपडत पाण्याच्या दिशेनें सरकूं लागतें, आणि जाबालि ऋषींचा मुलगा हारीत त्याला उचलून पाण्याचे थेंब पाजतो.

संस्कृत गद्यांत समासांची आरास पुष्कळ आहे; परंतु भीति, तहान आणि जगण्याची हांव हीं एका मुठीएवढ्या जिवाच्या बाजूनें सांगणारें असें स्थळ दुसरें दाखविणें कठीण. बाणाच्या पोपटाला शब्दांच्या आधीं एक आयुष्य आहे. आर्या म्हणणारा दरबारी शुक आपण विसरून जातों. पाल्यावर पडलेलें पिलूं विसरत नाहीं. मराठी वाचकानें येथें थोडें थांबावें. गद्य कथेच्या एका समग्र प्रकाराला आपण ज्या ग्रंथावरून ‘कादंबरी’ हें नांव दिलें, त्या ग्रंथाचा बराचसा भाग एका पोपटाच्या मुखांतून आलेला आहे. ज्या भाषेनें आपल्या कथावाङ्मयाचें नांवच पोपटाच्या गोष्टीवरून घेतलें, तिनेंच बुद्धिहीन पाठांतराला पोपटाचें नांव द्यावें, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.

मराठींत आल्यावर पोपट प्रथम तत्त्वज्ञानाच्या हातीं लागला. पैठणच्याही वरच्या अंगास नेवासें आहे. तेथें १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायांत नळीवर बसलेल्या शुकाचा दृष्टांत आला आहे. पक्ष्याच्या भारानें नळी फिरते, तो उलटा होतो. वास्तविक पाय सोडले तर त्याला उडतां येईल, परंतु आपण बांधले गेलों अशा भ्रमानें तो नळी अधिकच घट्ट धरतो. आपणच आपल्याला बांधून घेणाऱ्या जीवाचें याहून नेमकें चित्र मराठींत क्वचितच सांपडेल. दृष्टांताचा विषय माणूस आहे. तेव्हां येथें पक्ष्यावर अन्याय झाला असें म्हणणें अरसिकपणाचें होईल. तथापि ज्यानें ज्वारीच्या ताटावर राघू पाहिला आहे त्याला हेंही ठाऊक असतें कीं उलटें लोंबणें ही पोपटाला मुळींच आपत्ति वाटत नाहीं. कणसाचा दाणा टिपण्याची ती त्याची नेहमींचीच बैठक आहे. पुढें दोन आणि मागें दोन अशीं त्याचीं बोटें असतात, आणि धरणें हा त्या पायाचा धर्मच आहे. भ्रम माणसाचा, पक्ष्यानें त्याला फक्त आपले पाय उसने दिले.

लोककथेनें मात्र पोपटाला अधिक मान दिला. संस्कृतांतील शुकसप्ततीची मराठी ‘शुकबहात्तरी’ झाली. फारसींत नख्शबीनें चौदाव्या शतकांत तिच्यावरून ‘तूतीनामा’ रचला. नवरा परगांवीं गेला असतां प्रभावती प्रियकराकडे निघते, आणि घरचा पोपट रोज रात्रीं एक गोष्ट काढून तिला उंबरठ्याच्या आंत ठेवतो. त्याची युक्ति पाहण्यासारखी आहे. तो उपदेश करीत नाहीं. गोष्ट ऐन पेंचांत आणून थांबवितो आणि ‘आतां त्या बाईनें काय केलें असेल?’ असें विचारतो. प्रभावती विचारांत पडते आणि रात्र सरते. श्रोत्याचें मन ओळखून बोलणें, योग्य जागीं थांबणें आणि प्रश्न विचारणें, याला जर कोणी पोपटपंची म्हणत असेल तर आम्हां शिक्षकांना तिची दीक्षाच घ्यावी लागेल. भक्तिपरंपरेंतील गणिकेची कथाही अशीच उलट्या बाजूनें बोलते. राघूला रामनाम शिकवितां शिकवितां ती गणिका स्वतःच तरून गेली. तेथें शिष्य कोण आणि गुरु कोण, हें ठरविणें सोपें नाहीं. परंतु एवढें खरें कीं शिकविण्याच्या निमित्तानें दोघें रोज एकमेकांजवळ बसलीं, आणि जें घडलें तें त्या बसण्यांतून घडलें.

मग निंदेचा शब्द आला कोठून? मला वाटतें, तो पाठशाळेंतून आला. आणि त्याचा खरा निकाल रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९१८ सालच्या ‘तोताकाहिनी’ या छोट्या कथेंत लावला. राजाचा एक पक्षी असतो. तो गातो, उड्या मारतो, पण शास्त्र म्हणत नाहीं. राजाज्ञेनें त्याचें शिक्षण सुरू होतें. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांच्या नकला होतात, अधिकारी आणि त्यांचे नातलग गबर होतात, आणि पोथ्यांचीं पानें पक्ष्याच्या घशांत कोंबलीं जातात. अखेर पक्षी मरतो. राजा त्याला दाबून पाहतो तेव्हां आंतून केवळ कागदांची सळसळ ऐकूं येते. घोकंपट्टी हा पक्ष्याचा स्वभाव नसून त्याच्यावर केलेला प्रयोग आहे, हें इतक्या थोडक्या जागेंत दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं. तरीही रवींद्रनाथांची कथा शिक्षणाविषयीं आहे; पक्षी गात असे तेव्हां तो कोणाला उद्देशून गात असे, हा प्रश्न ती विचारीत नाहीं. तो प्रश्न विचारण्याचें काम अलीकडच्या निरीक्षकांनीं केलें, आणि त्यांचीं उत्तरें वाङ्मयाच्या अभ्यासकानेंही ऐकण्यासारखीं आहेत.

ज्या बजरीगराविषयीं वडीगोद्रीच्या ओसरीवर तक्रार चालते, त्याच पक्ष्याचें उदाहरण घेऊं. थव्यांत राहणारे हे पक्षी एकमेकांना एक लहानशी हांक देत असतात. ‘मी येथें आहें, तूं कोठें आहेस?’ एवढाच तिचा अर्थ. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं नर आणि मादी यांची जोडी जमूं लागली कीं नर आपली हांक बदलतो आणि मादीची हांक उचलतो. म्हणजे अनुकरण हा त्याच्या प्रीतीचा व्यवहार आहे. व्हेनेझुएलांतील मुठींत मावेल एवढ्या एका पोपटाविषयीं २०११ सालीं जें प्रसिद्ध झालें तें याहूनही नवलाचें आहे. तेथें आईबाप घरट्यांतल्या प्रत्येक पिलाला निराळी हांक देतात, आणि पिलें तीच हांक, थोडा फेर करून, स्वतःची म्हणून वापरूं लागतात. घरट्याघरट्यांतून अंडीं बदलून ठेवलीं तेव्हां पिलांनीं सांभाळणाऱ्या आईबापांच्या वळणाची हांक उचलली. आपल्याकडे बारशाला जें होतें त्याहून हें फार निराळें आहे असें मला वाटत नाहीं.

तिसरें उदाहरण अ‍ॅलेक्सचें. आयरीन पेपरबर्ग या विदुषीनें १९७७ सालीं आफ्रिकेंतील करड्या जातीचा हा पोपट अमेरिकेंतील एका दुकानांतून विकत घेतला. २००७ सालीं तो वारला. तीस वर्षांच्या या सहवासांत तो सुमारें पन्नास वस्तूंचीं नांवें, सात रंग आणि पांच आकार सांगूं लागला, आणि सहापर्यंतच्या संख्या ओळखूं लागला. दोन वस्तूंत सारखें काय आणि वेगळें काय हेंही तो सांगे. परंतु त्याला काय आलें यापेक्षां तें कसें आलें हें अधिक महत्त्वाचें आहे. त्याच्यासमोर दोन माणसें बसत. एक वस्तु दाखवून तिचें नांव विचारी, दुसरा उत्तर देई. बरोबर आलें तर ती वस्तुच त्याच्या हातीं पडे, चुकलें तर ती दूर होई. पोपट हें पाहत राही, आणि त्या दोघांच्या संवादांत आपल्यालाही जागा मिळावी म्हणून बोलूं लागे. एकच शब्द शंभर वेळां त्याच्या कानीं घालण्याची ही रीत नव्हे. शब्दाला अर्थ आहे, आणि बोलल्यानें माणसांच्या मंडळींत प्रवेश मिळतो, हें त्याला पाहून कळलें.

हीं तीन उदाहरणें एकत्र ठेवलीं म्हणजे आपल्या शिवीचा अर्थ उलटा होतो. पोपट अनुकरण करतो तें डोकें रिकामें आहे म्हणून नव्हे. ज्यांच्यांत राहावयाचें त्यांची हांक उचलावी, हा त्याच्या जातीचा शिष्टाचार आहे. पिंजऱ्यांत एकट्या ठेवलेल्या पोपटाला थवा नसतो. घरांतलीं माणसें हाच त्याचा थवा होतो; आणि त्या थव्याची हांक मराठी असते म्हणून तो मराठी बोलतो. ‘विठू विठू’ म्हणणारा राघू आपल्याला आपलेंच नांव परत देत नसून ‘मला तुमच्यांत घ्या’ असें म्हणत असतो. तेव्हां ज्याला आपण पोपटाचा मूर्खपणा समजतों, तो बहुतेक वेळां त्याचा एकटेपणा असतो. आणि जो बजरीगर बोलत नाहीं, त्याच्या शेजारीं त्याच्याच जातीचा सोबती असेल, तर त्याला माणसाची भाषा शिकण्याची तितकी निकड वाटत नाहीं. त्याचें न बोलणें हा त्याच्या सुखाचा पुरावाही असूं शकेल.

मग अशा पक्ष्याशीं मैत्री करावी कशी? मी वाङ्मय शिकविणारा माणूस. मला ‘वाचावें’ हेंच उत्तर सुचतें. चांगला वाचक पुस्तकावर आपलें मत आधीं लादीत नाहीं. तसेंच येथें करावें. आधीं जवळ बसावें, आणि हात पिंजऱ्यांत घालूं नये. वरून येणारा हात पोपटाला ससाण्यासारखा वाटतो. समोरून, छातीच्या उंचीवर, राळ्याचे दाणे तळहातावर घेऊन संथपणें आलेला हात त्याला समजतो. पिसें अंगाशीं चापून, मान ताणून उभा असेल तर तो भ्याला आहे. पिसें सैल सोडून एका पायावर बसला असेल आणि चोंच बारीक कुरकुरवीत असेल, तर तो निवांत आहे, झोंपेला आला आहे. दिवसभर पिसें फुगवून डोळे मिटत असेल, तर मात्र तें आजाराचें चिन्ह समजावें. डोळ्यांतील बाहुली झरझर लहानमोठी होऊं लागली कीं त्याचें मन उत्तेजित झालें आहे; मग तें आनंदानें कीं रागानें, हें उरलेल्या देहावरून ठरवावें. मान खालीं घालून डोकें पुढें केलें, तर तो खाजविण्याची विनंति करीत असतो. सोबती नसला तर मानेवरचीं तीं पिसें त्याला स्वतःला सारखीं करतां येत नाहींत. एकाच्या जांभईनें दुसऱ्या बजरीगराला जांभई येते, हेंही २०१५ सालीं प्रयोगानें दिसून आलें आहे. आणि चावणें हें त्याचें शेवटचें वाक्य असतें. मागें सरणें, पिसें आवळणें, चोंच उघडून दाखविणें हीं आधींचीं वाक्यें ज्यानें वाचलीं नाहींत, त्याच्याच बोटाला तें ऐकावें लागतें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हें सारें पिंजऱ्यांतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या परदेशी पक्ष्याविषयीं आहे. त्याला आपल्या रानांत सोडून देणें ही मुक्ति नव्हे. त्या रानांत त्याचा थवा नाहीं आणि अन्नाची ओळख नाहीं. आपला देशी राघू मात्र पिंजऱ्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं त्याला पकडणें, विकणें आणि पाळणें हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, त्याचें स्थान दुसऱ्या अनुसूचींत आहे. तरीही बाजारांत चोरून येणारीं पिलें ढोलींत हात घालूनच काढलेलीं असतात. बाणाचा शबर अजून झाडावर चढतो. ज्यानें कादंबरीचा तो भाग वाचला आहे त्याला या कायद्याचें समर्थन निराळें सांगावें लागणार नाहीं.

कोणी म्हणेल, कवीनें पक्षिशास्त्रज्ञ व्हावें अशी ही अपेक्षा आहे काय? मुळींच नाहीं. ज्ञानेश्वरांचा शुक खरा नसला तरी त्यांचा दृष्टांत खरा आहे, आणि शुकबहात्तरींतल्या गोष्टी सांगणाऱ्या पोपटाला कोणत्याही प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र नको. माझें म्हणणें निव्वळ वाङ्मयीन आहे. ज्या ज्या ठिकाणीं लेखकानें पोपटाकडे त्याचें काय करावयाचें हें न ठरवितां पाहिलें, त्या त्या ठिकाणीं वाङ्मय सर्वांत सरस उतरलें आहे. गाथेंतील उतरती रांग आणि सांवरीखालचें पिलूं हीं दोन चित्रें, त्यांच्या मधल्या साऱ्या वादपटु आणि श्लोकपटु शुकांपेक्षां ताजीं राहिलीं आहेत. जें लक्ष पक्ष्याला न्याय देतें, तेंच लक्ष भाषेलाही न्याय देतें. उलट, ज्याला नुसता आपलाच शब्द परत ऐकावयाचा असतो, त्याची कविता आणि त्याचा पिंजरा हीं दोन्ही लवकर ओस पडतात.

म्हणून परीक्षकांना आणि टीकाकारांना एक सूचना करून हा लेख संपवितों. उत्तरपत्रिकेच्या समासांत लिहावयास मराठींत ‘घोकंपट्टी’ हा शब्द आहे. रामदासांनीं दासबोधांत ‘पढतमूर्ख’ म्हणून जो माणूस वर्णिला आहे, त्याचें नांवही वापरावयास मोकळें आहे. दोन्ही शब्द माणसाच्या दोषाचे आहेत, आणि ते माणसाच्याच पदरीं राहूं द्यावेत. राघूकडे त्याची हांक तेवढी राहूं द्यावी. आणि ओसरीवरून ती ऐकूं आली कीं ‘हा बोलत कां नाहीं?’ असें विचारण्याऐवजीं घरांतून कोणीतरी तिला ओ द्यावी.